डिझेलचं सुतक

रेल्वेवर जीव टाकणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण ज्या देशात रुळाचा वीतभर तुकडा नाही अशा देशात अर्धं आयुष्य काढून रेल्वेवर जीव टाकणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला. साडू माणसाला निवडता येत नाही. मुलगी पाहायला जाताना आपण पत्रिका बघतो, पोहे चाखतो, गाता येतं का विचारतो; पण तिच्या थोरल्या बहिणीनं आधीच कोणाच्या गळ्यात माळ घालून ठेवली आहे याची चौकशी कोणी करत नाही. मीही केली नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नोकरी घेऊन दुबईत उतरलो आणि पहिल्याच शुक्रवारी बायकोनं शारजाला ताईकडे नेलं. दारातच साडूंनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "काय साडूभाऊ, प्रवास कसा झाला?" मी म्हटलं, "छान झाला, विमान अगदी वेळेत होतं." त्यांचा चेहरा पडला. "हो, विमान," ते म्हणाले. "इथं विमानानंच यावं लागतं." हे त्यांनी अशा सुरात म्हटलं की मला उगाचच काहीतरी वावगं करून आल्यासारखं वाटलं.

बरं, कुठल्याही रेल्वेवर प्रेम असतं तर एक वेळ समजलो असतो. आपल्याकडच्या गाड्यांबद्दल ते आदरानं बोलत, पण तो आदर लांबच्या नात्यातल्या माणसांबद्दल असतो तसला. त्यांचा जीव अडकला होता तो इंग्लंडातल्या जुन्या डिझेल इंजिनांत. तरुणपणी पुण्याच्या एका कंपनीनं त्यांना वर्षभर ट्रेनिंगसाठी तिकडे पाठवलं होतं. मालगाड्यांच्या यार्डामागे एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात भाड्याची खोली. बाहेर थंडी, पोटात उकडलेले बटाटे, आणि बोलायला कोणी नाही. "साडूभाऊ, पहिला महिना मी रडून काढला," ते सांगायचे. "मग एका सकाळी खिडकीची काच थरथरायला लागली. खाली एक निळं डिझेल इंजिन सुरू झालं होतं. आधी धडधड, मग हळूहळू वर चढत जाणारी शिट्टी. वाटलं, चला, या गावात आपल्याखेरीज कोणीतरी जागं आहे." पुढच्या रविवारी ते स्टेशनावर गेले, तर प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकाला थर्मास आणि दुर्बिणी घेतलेल्या आठदहा जणांचा घोळका उभा. हे लोक दिवसभर तिथं उभं राहून इंजिनं बघत. त्यांनी साडूंना 'तू कुठला, कशाला आलास, कधी परत जाणार' यातलं काहीएक विचारलं नाही. फक्त विचारलं, "आज कुठली कुठली बघितलीस?" परमुलुखात इतक्या आपुलकीनं आपल्याला कोणी काही विचारलं नव्हतं, असं म्हणताना साडूंचा आवाज दर वेळी बसायचा.

त्या घोळक्यातल्या एका मास्तरांशी त्यांचं कायमचं जुळलं. साडू परत आले, लग्न झालं, पोटापाण्यासाठी शारजाला आले, पुढे हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनियर झाले, पण इंग्लंडहून मास्तरांच्या कॅसेटी येतच राहिल्या. त्यांत गाणी नव्हती, भाषणं नव्हती. इंजिनं होती. स्टेशनातून सुटणारी इंजिनं, चढ चढणारी इंजिनं, नुसतीच उभी राहून धुमसणारी इंजिनं. साडूंच्या टोयोटात दुसरं काही वाजत नसे. इंडियाहून आलेल्या पाहुण्याला विमानतळावरून आणताना ते मोठ्या कौतुकानं कॅसेट लावत आणि तो बिचारा दोन सिग्नलांनंतर भीतभीत विचारी, "अहो, गाडीत काही बिघाड आहे का?" एकदा तर शारजातल्या एका राउंडअबाउटवर ट्रॅफिक पोलिसानंच थांबवलं. खिडकी खाली केल्याबरोबर आतून जी धडधड बाहेर आली ती ऐकून तो म्हणाला, "हबीबी, युअर इंजिन खलास. यल्ला, गो गॅरेज!" आमची बायको मागे बसून शरमेनं अर्धी झाली होती. साडू मात्र घरी पोचेपर्यंत खुशीत. "बघितलंत? त्यालासुद्धा कळलं, हे पेट्रोलचं नाही म्हणून!"

प्रत्येक जातीच्या इंजिनाला त्यांनी नाव ठेवलं होतं. एक 'खोकणारी आत्या', एक 'घुमी'. आणि ती यार्डातली, खिडकीची काच थरथरवणारी, शिट्टीवाली जात म्हणजे 'थोरली'. तिकडचे हौशी लोक इंजिनाला 'ती' म्हणतात, म्हणून साडूही 'ती'च म्हणत. थोरलीचा आवाज लागला की ते डोळे मिटून घेत. ही डोळे मिटण्याची खोड लक्षात ठेवा, पुढे तिनंच घात केला. गाडी चालवतानासुद्धा मिटतील म्हणून ताई थोरलीच्या कॅसेटी पर्समध्ये ठेवायची. पण कारखान्यात ताई कुठून येणार? तिथं वीज गेली तर असावा म्हणून एक जुना इंग्लिश जनरेटर होता. त्याच्या आवाजात थोरलीचा थोडा अंश आहे असा साडूंचा दावा. दर गुरुवारी दुपारी ते 'टेस्टिंग'च्या नावाखाली तो सुरू करवीत आणि समोर हात जोडल्यासारखे पोटाशी धरून, डोळे मिटून उभे राहत. त्यांच्या हाताखालची रत्नागिरीकडची पोरं आधी घाबरली, मग हळूहळू तीही टोप्या काढून बाजूला उभी राहायला लागली. एकदा मी काही कामानं हमरियाला गेलो होतो, गेटवर विचारलं, "साहेब आहेत का?" तर एक जण गंभीरपणे म्हणाला, "हायत, पन जरा थांबा. आरती चाललीया."

कौटुंबिक सहलीही यातून सुटल्या नव्हत्या. खोरफक्कनला जायचं तर निघायची वेळ सात वाजून बारा मिनिटं. सव्वासात नाही. पुढे त्यांची गाडी म्हणजे इंजिन, मागे आमची म्हणजे गार्डाचा डबा, आणि गार्डानं हिरवा रुमाल हलवल्याशिवाय इंजिन हलायचं नाही. मी तो रुमाल हलवलेला आहे, बायकोच्या ओढणीचा. रस्त्यात उंटाच्या चित्राची पाटी दिसली की साडू उसासा टाकत. "उंट आहे, मेंढ्या आहेत, वाळूच्या वादळाची पाटी आहे. सगळ्या जगाच्या पाट्या आहेत या देशात. एक इंजिनाची तेवढी नाही. कसलं नशीब घेऊन आलो हो मी!" आम्ही हसायचो. पण ते हसत नसत, हे आमच्या लक्षात यायला फार वर्षं लागली.

कारण तिकडे ती इंजिनं मरत होती. मास्तरांची नवी कॅसेट आली की तिच्यासोबत बातमी यायची: अमकी जात बंद झाली, तमकी भंगारात गेली. आणि आमचे साडू सुतक पाळत. चेष्टा नाही, खरोखरचं सुतक! तीन दिवस दाढी नाही, गोड नाही, देवाला हात लावणं नाही. आता इंजिनांनी मरताना आपला सणवार कुठला बघायला! 'घुमी' नेमकी दिवाळीत गेली. आम्ही सगळे फराळाला जमलेलो, ताईनं चिरोटे केलेले, आणि साडू गॅलरीत दाढीचे खुंट वाढवून शेजारच्या बिल्डिंगकडे बघत बसलेले. ताईचा पारा चढला. "लोखंडाचं कसलं आलंय सुतक? तुमचे सख्खे काका गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी माझ्या बहिणीकडे श्रीखंड चापलंत ते विसरलात?" साडू शांतपणे म्हणाले, "काकांना चार मुलं होती, त्यांनी केलं सगळं. हिला कोण आहे?" कप्पाळ! ताईनं चिरोट्यांचं ताट आदळलं आणि आम्ही ते निमूट संपवलं.

आणि मग एका वर्षी थोरलीची पाळी आली. तिच्या जातीतलं शेवटचं चालतं इंजिन बंद होणार होतं, आणि त्याआधी तिकडच्या हौशी मंडळींनी निरोपाची एक खास गाडी ठरवली होती. थोरली पुढे, मागे आठ डबे भरून तिच्यावर प्रेम करणारी माणसं, दिवसभराचा प्रवास, आणि संध्याकाळी शेवटच्या स्टेशनावर उतरून सगळ्यांनी तिला हात लावून निरोप द्यायचा अशी तिथली रीत. काही इंजिनं हे लोक वर्गणी काढून वाचवतात, पण हिच्यात इतके बिघाड होते की हिला कोणी घेतलं नव्हतं. मास्तरांनी साडूंची जागा धरून ठेवली होती. आता गल्फमध्ये नोकरी करणाऱ्याला रजा म्हणजे काय चीज असते ते सांगायला नको. दोन वर्षांतून एकदा महिनाभर, ती इंडियाला जाण्यासाठी. त्या वर्षी तर आमच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, थोरला जावई येणार म्हणून त्या डोळ्यांना पट्टी बांधायच्या आधी त्याची वाट बघत होत्या. आणि थोरला जावई म्हणाला, "मी इंग्लंडला चाललो."

घरात भूकंप झाला. ताई म्हणाली, "आईच्या डोळ्यांपेक्षा तुम्हाला ते धूर ओकणारं धूड मोठं?" साडू म्हणाले, "आईंच्या डोळ्यांत नवीन भिंग बसणार आहे. हिच्यात आता कोणी काही बसवणार नाही." ताईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि लेकीला घेऊन एकटी इंडियाला जाऊन आली. गंमत म्हणजे सासूबाईच विरघळल्या. जावई थंडीच्या मुलखात चाललाय म्हणून त्यांनी ताईबरोबर एक लोकरीची माकडटोपी विणून पाठवली. शारजात माकडटोपी घालण्याची सोय नाही, आणि इंग्लंडातही साडूंनी ती डोक्याला घातली नाही. ती त्यांनी टेपरेकॉर्डरच्या माइकला घातली, वाऱ्याचा फरफर आवाज येऊ नये म्हणून. निघण्याआधी मला ती माइकला घालून दाखवली तेव्हा म्हणाले, "साडूभाऊ, आजवर सगळ्या मास्तरांनी दिलेल्या उष्ट्या कॅसेटी ऐकल्या. तिचा शेवटचा आवाज मात्र मी माझ्या हातानं आणणार."

आठवड्यानं परत आले. शुक्रवारी आम्हाला जेवायला बोलावलं. ताई अजून बोलत नव्हती, पण मोठ्या बहिणीची रीत म्हणून तिनं आमच्यासाठी साग्रसंगीत जेवण आणि श्रीखंड केलं होतं. जेवणं व्हायच्या आधीच साडूंनी टेपरेकॉर्डर टीपॉयवर ठेवला, एसी बंद केला, उकाड्यात आम्हा चौघांना ओळीनं बसवलं आणि बटण दाबलं. आधी माणसांचा गलबला, कोणाचं तरी हसणं. मग गार्डाची शिट्टी. मग ती धडधड सुरू झाली, आणि तिच्यातून ती दुसरी, उंच, वर वर चढत जाणारी शिट्टी. खोटं कशाला बोलू, इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल केली, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. आवाज वाढला, खोलीभर झाला, मग डबे खडखडत गेले, मग आवाज लांब गेला, आणखी लांब, आणि पार विरून गेला. मी म्हटलं, "वा! साडूभाऊ, वा!"

तेव्हा त्यांची लेक, चौदा-पंधरा वर्षांची, कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "बट बाबा, द ट्रेन वेंट अवे."

"हो."

"देन हाऊ कम यू डिडन्ट गो विथ इट?"

साडूंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "फोटो काढायला एका खेड्यातल्या स्टेशनावर गाडी थांबवली होती," ते म्हणाले. "सगळे उतरले, मीही उतरलो. इंजिन सुटतानाचा आवाज डब्यात बसून मिळत नाही, तो बाहेरूनच घ्यावा लागतो. म्हणून मी पार टोकाला गेलो. म्हटलं, सुरुवातीचा आवाज घ्यायचा, आणि शेवटचा डबा समोर आला की चढायचं. तिकडची गाडी हळूच सुटते. मास्तर दारात उभे होते, हात पुढे करून." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "पण ती सुरू झाली, आणि मी डोळे मिटले."

"अहो, मग?" माझ्या बायकोच्या तोंडून निघालं.

"मग उघडले, तेव्हा मागचा लाल दिवा दिसत होता."

"मग ओरडायचं तरी! मास्तर होते ना दारात? साखळी ओढली असती कोणीतरी!"

साडूंनी तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू तिनं भर गाभाऱ्यात चप्पल घातली होती. "ओरडलो असतो तर टेपवर आलं असतं ना ते!" ते म्हणाले.

मला हसू फुटलं, आणि अर्धवटच राहिलं. ज्या संध्याकाळसाठी या माणसानं रजा घालवली, बायकोचा अबोला ओढवून घेतला, सासूचे डोळे मागे टाकले, ती संध्याकाळ त्याच्या पुढ्यातून निघून गेली आणि रेकॉर्डिंग बिघडेल म्हणून हा तोंड मिटून उभा राहिला. तिकडे शेवटच्या स्टेशनावर सगळ्यांनी थोरलीला हात लावला असेल. यांचा हात तेवढा राहिला. पुढची गाडी दोन तासांनी आली, ती डब्यांच्या पोटातच इंजिन असलेली, नव्या धर्तीची. "शिवणाच्या मशिनसारखी," साडू म्हणाले.

या सगळ्या गोंधळात टेप बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. ती चालूच होती. रिकाम्या स्टेशनातला वारा, कुठेतरी एक मेंढरू ओरडतंय, एका पाखराची किलबिल. आणि मग अचानक, माइकच्या अगदी जवळून, साडूंचा आवाज. तिऱ्हाइताशी बोलताना असतो तो नव्हे, घरातला. जिन्यापर्यंत पाहुण्यांना पोचवायला आल्यावर असतो तो.

"सावकाश जा हं. पोचल्यावर कळव."

साडू धडपडून उठले आणि बटण बंद केलं. कानापर्यंत लाल झाले होते. मान वर करून कोणाकडे बघेनात. मी माझ्या चपला कुठे काढल्यात ते बघत बसलो.

ताई उठली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार आणि हा माणूस उभ्या उभ्या मोडणार. ती टेबलापाशी गेली, श्रीखंडाचं पातेलं उचललं, त्यावर झाकण ठेवलं आणि फ्रिज उघडून आत ठेवून दिलं. "आता सोमवारपर्यंत गोड नको," ती म्हणाली, महिन्यानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून. "तीन दिवस होऊ देत. मग खाऊ." आणि आम्ही सगळे वरणभात-भाजी जेवलो. लेकीनंसुद्धा एकदाही 'व्हाय' विचारलं नाही.

त्यानंतर साडू बदलले. टोयोटात कॅसेट वाजेना. गुरुवारची आरतीही बंद झाली. रत्नागिरीची पोरं जनरेटर स्वतःच सुरू करून साहेबांच्या केबिनकडे बघत, पण साहेब बाहेर येत नसत. त्याऐवजी त्यांना एक नवीनच खूळ लागलं, आणि ते जुन्यापेक्षा वाईट होतं. रास अल खोरला स्पेअर पार्ट आणायला गेले असताना त्यांना कोणीतरी सांगितलं की जगभरचं भंगार वितळवून सळ्या होतात आणि त्यातल्या कितीतरी इथल्या बांधकामांत येतात. झालं! तेव्हा दुबईत जिकडे बघावं तिकडे बिल्डिंगा उठत होत्या. साडू प्रत्येक उघड्या खांबापाशी थांबायला लागले. मी अल बर्शात नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला, सत्यनारायण घातला, तर हे प्रसाद हातात घेऊन हॉलमधल्या खांबाशी उभे. तळवा खांबावर टेकवलेला. "साडूभाऊ," हळूच म्हणाले, "कोण कोणाच्या घराला टेकू देत असेल, सांगता येत नाही." मी नेहमीच्या सवयीनं काहीतरी चावट बोलणार होतो. नाही बोललो.

पुढे कारखाना बंद पडला. इथली रीत सरळ आहे: नोकरी संपली की व्हिसा संपला, व्हिसा संपला की तुम्ही पाहुणे. वीसएक वर्षांचा संसार त्यांनी खोक्यांत भरला. विमानतळावर सामान जास्त भरलं, काहीतरी काढणं भाग होतं. ताईनं आपल्या बॅगेतला काचेचा डिनरसेट बाहेर काढून माझ्या बायकोच्या हातात दिला, आणि साडूंची कॅसेटींची पिशवी त्याच्या जागी नीट बसवली, वर ती माकडटोपी घालून. साडूंनी माझा हात हातात घेतला, पहिल्या दिवशी घेतला होता तसा. म्हणाले, "चला साडूभाऊ. गार्डाचा डबा इथंच सोडून चाललो." एवढ्या मोठ्या विमानतळावर, एवढ्या माणसांत, माझ्या तोंडून गेलं ते एवढंच: "सावकाश जा हं. पोचल्यावर कळवा."

त्यांनी एकदम वर बघितलं. मग मान हलवली आणि आत गेले. काचेपलीकडे दिसेनासे होईपर्यंत मी उभा होतो. हाक मारावीशी वाटत होती, मारली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "पोचलो," ते म्हणाले. "सांगितलं होतंत, म्हणून कळवतोय." मी म्हटलं, बरं केलंत. ताई कशी आहे, घर उघडलं का, पाणी येतंय का, सगळं विचारलं. सगळं ठीक होतं. मग लाइनवर नुसतीच खरखर राहिली. मला वाटलं फोन कटला.

"तिनं काही कळवलं नाही हो अजून," साडू म्हणाले.

"कळवेल," मी म्हटलं.